छकुलीचे चिंचोके

प्रिय पूनम,

हे पाकीट बांगड्या भरणाऱ्या बिलकिसभाभीच्या पेटीतून तुझ्याकडे येईल. फोनच केला असता, पण तुझा फोन हल्ली सासूबाई उचलतात आणि तू शेतात गेलीस म्हणून सांगतात. सकाळी केला तरी शेतात, दिवेलागणीला केला तरी शेतातच. म्हणून हा खटाटोप.

आधी शाळेचं सांगते, तुला आवडेल. धाड गावाजवळच्या आमच्या शाळेत मी दुसरीच्या पोरांचे छोटे छोटे गट केलेत. डी.एड.ला तू काढलेली चिंचोक्यांची युक्ती आठवते? तीच चालवते आहे. प्रत्येकापुढे मूठभर चिंचोके. वाचताना अर्थ लागला नाही की पोरानं आपणहून थांबायचं, त्या ओळीवर चिंचोका ठेवायचा आणि गटानं मिळून अर्थ लावून तो उचलायचा. बाईंनी मध्ये तोंड घालायचं नाही. सुरुवातीला एकही चिंचोका पडेना. आपल्याकडे थांबणं म्हणजे लाज. धाडधाड वाचलं की पोरगं हुशार! ही खोड मोडली ती छकुलीनं, गावातल्या कडूबाच्या धाकट्या लेकीनं. गोष्टीतली म्हातारी विहिरीवर गेली आणि पुढच्याच ओळीत भरली घागर घेऊन घरी आली, तर मधे पाणी कुणी ओढलं म्हणून अडून बसणारी पोरगी. तिच्या पानावर चिंचोक्यांचा नुसता सडा असायचा. वर्गात लाडकं कुणी असू नये म्हणतात, पण ती आहे.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी पोरांना घरून काहीही छापील आणायला सांगितलं. कुणी बियाण्याची पिशवी आणली, कुणी औषधाचं खोकं. छकुलीनं आणली लग्नपत्रिका, तिच्या अन्नपूर्णाताईची. अन्नपूर्णा नववीत आहे, पूनम. पत्रिकेच्या तळाशी असते ना ती लाडिक ओळ, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, आणि खाली छकुलीचं नाव. तिनं चिंचोका नेमका स्वतःच्या नावावर ठेवला. गटातल्या पोरांनी विचारलं, यात न समजण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, "हे मी म्हनलंच नाही. ताई तं रोज रडून राह्यली. मी काऊन बलावीन लोकायले?"

मी त्याच दिवशी ग्रामसेवकांकडे गेले. कडूबाला बोलावलं, त्यानं लग्न मोडल्याचं लिहून दिलं, सगळ्यांनी हुश्श केलं. माणिकराव गुरुजी, आमचे मुख्याध्यापक, म्हणाले की आता हा विषय संपला, तुम्ही तुमचं वाचन बघा. पण विषय संपलेला वाटत नाही. माझ्या गाडीची हवा कुणीतरी सोडतं. खिचडी शिजवणाऱ्या पुष्पाबाई माझ्याकडे बघायचं टाळतात. अन्नपूर्णा मामाकडे गेली म्हणतात, पण कुठल्या गावी ते कुणालाच सांगता येत नाही. कडूबा कधी कधी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. मला बघून नमस्कार करतो.

आणि छकुली. ती रोज येते, गटात बसते आणि एका दमात पान वाचून काढते. गुरुजी खूश आहेत, पोरगी सुधारली म्हणतात. काल मी मुद्दाम उताऱ्यात एक वेडीवाकडी ओळ घातली, बैलानं चुलीवर भाकरी थापली म्हणून. बाकीची पोरं हसत सुटली, चिंचोके धडाधड पडले. छकुली तशीच पुढे वाचत गेली. मूठ घट्ट मिटलेली. मी जवळ बसून ती हळूच उघडली, तर तिची नखं हळदीनं पिवळी झालेली, लग्नघरात हळद कुटणाऱ्या पोरींची होतात तशी. मला भीती वाटते आहे, पूनम. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पत्रिकेवरचा नवरदेव तुझा दीर हर्षल आहे, हे तुला माझ्याआधी ठाऊक असणार. इथे सगळे लग्न मोडलं म्हणतात. पण बिलकिसभाभी सहज बोलून गेली की दुसरबीडहून, तुमच्या घरून, सगळ्या बायकांना लग्नाचा हिरवा चुडा भरायला तिला बोलावणं आलंय. मोडलेल्या लग्नाला हिरव्या बांगड्या कशाला? मी चाइल्डलाइनला कळवलंय. ते म्हणतात, दिवस आणि ठिकाण सांगा. ते तुझ्याशिवाय मला कोण सांगणार? बांगड्या भरताना भाभीच्या कानात गावाचं नाव आणि दिवस, एवढंच सांग. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पाकिटात चिंचोका आहे, तो छकुलीचा. काल घरी जाताना तिनं माझ्या हातात ठेवला. तू गप्प राहिलीस तरी मी रागावणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं.

वाट बघणारी, तुझीच
प्रेरणा