हैमवती मॅडमचा कोर्स आणि माझी एकसष्टावी रँक

२८ जुलै
एमटेकचा पहिला दिवस. हॉस्टेलची खोली मिळाली, रूममेट मिळाला. कडप्प्याचा ओबुलेश. गेटच्या प्रवेश परीक्षेत त्याची रँक तीनशेच्या पुढे, तरी मी बरोबरीने बोललो. माझी एकसष्ट. खम्ममला आमच्या औषधाच्या दुकानासमोर नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, माझा फ्लेक्स लावलाय, आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा हातभर मोठा.

डायरेक्टर भाषणात म्हणाले की पहिलं सेमिस्टर भल्याभल्यांना रडवतं. बाकीच्यांना सावध केलं ते बरं झालं.

ध्येय: हैमवती मॅडमच्या हाताखाली थिसिस. त्या वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, तोही त्यांच्या ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम्सच्या वर्गातून. उरलेल्यांना ऑफिस कुठल्या तरी सरांच्या गळ्यात बांधतं.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. रोज एक रिसर्च पेपर वाचणे.

२९ जुलै, सकाळी पावणेदहा
हॉस्टेलची गादी फारच मऊ आहे. तक्रार करायला हवी. उद्यापासून रोज दोन पेपर.

६ ऑगस्ट
मॅडमच्या वर्गात हात वर करून विचारलं की परीक्षेत पर्याय चार असतील की पाच. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी माझं नाव विचारलं. चलपती, म्हणालो. दुसऱ्याच आठवड्यात ओळख झाली.

हैदराबादला अमीरपेटच्या गेट क्लासमध्ये आम्हाला शिकवलंय की गणित सोडवत बसायचं नसतं, चुकीचे पर्याय खोडायचे असतात. इथे खोडायलाच काही देत नाहीत. पद्धत जुनाट आहे.

१९ ऑगस्ट
पहिली असाइनमेंट परत आली. कुठल्याही संख्येसाठी सिद्ध करा, असा प्रश्न होता. मी दोन घालून बघितले, बरोबर आलं. तीन घातले, बरोबर. शंका नको म्हणून दहासुद्धा घातले. मार्क शून्य. खाली शेरा: बाकीच्या संख्यांचं काय? म्हणजे रस्ता मॅडमना पटलाय, मेहनत कमी पडली. पुढच्या वेळी शंभरपर्यंत जाईन.

कोर्स सोडायची उद्या शेवटची तारीख. ओबुलेशने सोडला. म्हणाला, अरे बाबा, तूही सोड, ही बाई कुणाला जिवंत ठेवत नाही. मी म्हणालो, एकसष्टावी रँक असलेला माणूस कोर्स सोडत नाही. तो म्हणाला, खरंय, कोर्सच त्याला सोडतो. कडप्प्याची माणसं फटकळच.

वर्गातली नौशीन, निझामाबादची, रोज चारला कॅन्टीनमध्ये अभ्यासाला बोलावते. तिघे-चौघे बसतात. स्वतःच सांगते की तिलाही फारसं कळत नाही. न कळणाऱ्यांत बसून मी काय करू?

२४ सप्टेंबर
मिडसेम झाली. पुस्तकं बघून लिहायची होती. लायब्ररीतली सगळी जाडजूड पुस्तकं उचलून नेली, पिशवीचा बंद तुटला. अर्धा वेळ अनुक्रमणिका चाळण्यात गेला, उरलेला पिशवी सावरण्यात. नौशीनने एकच कागद नेला होता, त्याकडेही बघितलं नाही. बिचारीला पुस्तकं मिळाली नसणार, ती सगळी माझ्याकडे होती ना.

दसऱ्याची सुट्टी, खम्मम
पुस्तकं बरोबर आणली आहेत. हवा पालटली की डोकं चालतं. बॅग उद्या उघडेन.

नान्ना गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाबरोबर ही बातमीही देतात की आमचा चलपती रोबो बनवतो. शेजारच्यांनी म्हणून मला त्यांचा प्रिंटर दुरुस्त करायला नेलं. मॉडेल जुनं निघालं.

जेवताना नान्नांनी विचारलं, मॅडम घेतील ना रे तुला? म्हणालो, जवळपास ठरलंच आहे. अम्माने पुळिहोरा, आमचा चिंचेचा भात, वाढला. अर्धा ताटातच ठेवून उठलो. बहुधा चिंच जास्त झाली होती.

२० नोव्हेंबर
कॅन्टीनमध्ये गेलो. चहासाठी. योगायोगाने नौशीनच्या टेबलावर जागा होती. ती म्हणाली, या राजे, फार दिवसांनी दर्शन. मग कागद ओढून दाखवलं: पहिल्या संख्येला जमतं हे दाखवायचं, आणि एकीला जमलं की तिच्या पुढचीला जमतंच हेही दाखवायचं. मग सगळ्या संख्या एकदम हातात येतात. शंभरपर्यंत जायची गरजच नव्हती.

खोलीवर येऊन एक सिद्धता स्वतः केली. जमली. इतका आनंद रँक लागली तेव्हाही झाला नव्हता. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली, नाही जमल्या. परीक्षा सोमवारी आहे.

१२ डिसेंबर
मॅडमनी नौशीनला घेतलं.

मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, शेवटचा प्रश्न तू नीट सिद्ध केलास, मला बरं वाटलं, पण एका प्रश्नावर पास करता येत नाही. पुढच्या जुलैत हाच कोर्स पुन्हा कर, आणि कॅन्टीनमध्ये पहिल्या दिवसापासून बस. थिसिसचं ऑफिस बघेल.

संध्याकाळी नान्नांचा फोन. काय झालं मॅडमचं? मी म्हणालो, पुढच्या वर्षीही आपल्या वर्गात यायचं मॅडमनी खास बोलावणं दिलंय. ते खूश. असं किती जणांना बोलावलंय, म्हणाले. मी म्हणालो, अख्ख्या वर्गातून एकट्या मला.

पलीकडे त्यांनी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत दिले. मग नान्ना हळूच म्हणाले, नापास झालास होय रे?

मी हो म्हणालो. आवाज रडवेला झाला, तो काही लपवता आला नाही.

ते म्हणाले, असू दे, पुन्हा कर. पण अम्माला मी सांगतो, तू सांगू नकोस. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती गल्लीभर लाडू वाटेल.