दहा इंची तोफ आणि बापूंची उंची

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र नाही, म्हणजे राग अजून उतरलेला नाही असं धरून चालते. इथे देवाच्या कृपेने सर्व ठीक. तुझा मफलर खुंटीवरच राहिला आहे. धुऊन ठेवला, पण टपालाने पाठवणार नाही. न्यायला तूच ये.

दादा, माणसं जमिनीवरून भांडतात, मानपानावरून भांडतात. भरल्या ताटावरून उठून जायचं ते एका इंचासाठी, हे मी तुमच्या दोघांतच पाहिलं. लढाईच्या काळात बापू रेल्वेच्या यार्डात दिवे लावायचे, तिथे रुळांवरून ओढायची अजस्र तोफ मुक्कामाला आली आणि कुणीतरी तिच्या तोंडाशी उभं करून बापूंचा फोटो काढला. एवढीच गोष्ट. तू म्हणतोस तोफेचं तोंड दहा इंची, हे म्हणतात नऊ इंची. दोघंही भिंग लावून बसलात, आणि चहा निवला तो निवलाच.

यांचं म्हणणं मला पटतं असं नाही, पण समजतं तरी. तोफेची चाकं गवतात बुडालेली, शेजारी मापाला धरायला काही नाही, आहेत ते बापू. बापू पाच फूट दोन इंच, त्यावरून हिशेब केला की तोफ नऊ इंची. मोजणी खात्यात जन्म काढलेला माणूस, दुसरं काय करणार? तू मात्र पाच फूट नऊ धरून बसलास. अरे, लहानपणी बापूंच्या खांद्यावर बसून जग पाहिलंस म्हणून ते उंच वाटत असतील. मलाही वाटायचे.

वहिनी गेल्यापासून तू एकटा काय शिजवतोस आणि काय खातोस याचा घोर लागतो. निदान पत्राला तरी उत्तर दे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी शिजवतो ते खातो आणि जे खातो ते पचतं. काळजी नको. भिंतींना स्वयंपाक आवडतो की नाही, ते त्या बोलत नाहीत.

मफलर राहू दे. मेहुणेबुवा स्वतःच्या हाताने लिहून देतील की तोफ दहा इंची आहे, तेव्हा येईन. तोवर तुझ्या उंबऱ्याला माझा लांबूनच नमस्कार. कारखान्यात आयुष्यभर इंजिनांचे नकाशे काढले ते काय झोपेत काढले?

आता खरी अडचण ऐक. संग्रहालयाचं पत्र आलं आहे. पुढच्या महिन्यात रुळांवरच्या तोफांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे आणि बापूंचा फोटो त्यांना दारासमोरच लावायचा आहे. पण एकाच फोटोबद्दल एकाच घरातून दोन पत्रं गेली, दोन निरनिराळ्या तोफांची. ते म्हणतात, घरच्यांचं एकमत होत नसेल तर फोटो कपाटात राहील. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटेवर दिवे लावणाऱ्या माणसावर एकदा उजेड पडायची वेळ आली, आणि तुझा नवरा फुंकर घालतोय.

बापूंचं डोकं त्या फोटोत रुळापासून पाच फूट नऊ इंचांवर आहे. हे मी सांगतो. कसं ते विचारू नकोस. सांगता येत नाही.

प्रकृतीला जप. मेहुण्यांना नमस्कार सांगू नकोस, विचारलाच तर आहे म्हण.
तुझा,
दादा

ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृतानेक शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? मी तेल पाठवलं होतं ते लावतेस की नुसतं फळीवर मांडलं आहेस?

एक विचारायचं आहे. बापूंच्या पाठची तू एकटीच आता उरलीस, तुझ्याशिवाय सांगणार कोण. बापू तरुणपणी केवढे होते? दादा आणि हे या एका गोष्टीवरून बोलेनासे झालेत. यांनी भिंग कपाटात कुलपात ठेवलं आहे, आणि संध्याकाळी बाहेर दार वाजलं की दादा आला का म्हणून मान वर करतात, मग वर्तमानपत्र उलटं धरून वाचतात. तिकडे दादा भिंतींशी बोलतो. फोटोही कपाटात जायची वेळ आली आहे. मी देवापुढे रोज दोघांना बुद्धी दे म्हणते, पण देवाला तरी किती कामं लावायची, म्हणून तुला लिहिते.

कागदाची मागची बाजू कोरी सोडली आहे, उत्तर त्यावरच लिहिलंस तरी चालेल.
तुझ्या आशीर्वादावर विसंबून,
धाकटी

ता. १९ फेब्रुवारी

चि. बाळीस,
आत्याचे उदंड आशीर्वाद.

तुझ्याच कागदावर लिहिते आहे. तुझा चिकटपणा आमच्या आईवर गेला आहे, बरं वाटलं.

तुझे बापू माझ्या कानाला लागायचे, त्याच्या वर नाही. तुझी आई त्यांच्याहून बोटभर उंच. लोकांनी कधी ओळखलं नाही, कारण फोटो काढायचा म्हटलं की बापू पेटीवर चढायचे. कंदील ठेवायची ती कामावरची पत्र्याची पेटी. पुढे गवत, नाहीतर कुंडी, नाहीतर आम्ही पोरीबाळी, की झालं. त्यांच्या लग्नाच्या फोटोत बापूंच्या पायांपुढे मला उकिडवं बसवलं होतं ते उगाच नाही. तोफेच्या फोटोतही पेटीच. स्वतः मला सांगितलं होतं, की एवढ्या थोरल्या तोफेशेजारी आपण खुजं दिसायचं म्हणजे काय.

हे पोरांना कळू देऊ नको असं त्यांनी मला बजावलं होतं. तू आता पोर राहिली नाहीस. पण दादाला सांगू नकोस. बाप उंच होता असं त्याला वाटतं, ते तसंच राहू दे. जावईबापूंना सांगायचं तर सांग, पण आधी शब्द घे.

तेल लावते. वास फार येतो. मांजर जवळ येत नाही.
तुझी,
आत्या

ता. २३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. तोफ दहा इंची. यांनी संग्रहालयाला लिहून पाठवलं की मोजणीत माझी चूक झाली. दादा, या माणसाने मोजणीत चूक कबूल केल्याचं मी आजवर ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या कुंपणाच्या वेळी खातं, कचेरी, सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला होते, तरी नाही. तेव्हा आता तू जिंकलास म्हणून ढोल पिटू नकोस. कशी चूक झाली हे त्यांना विचारूही नकोस. प्रदर्शनाला आम्ही येतो, परत येताना तू आमच्याबरोबर यायचंस. मफलर घेऊन येत नाही.
भेटीची वाट बघणारी,
धाकटी

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र एकटीने वाच आणि चुलीत घाल.

मेहुणेबुवांनी मन मोठं केलं. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण घास उतरला नाही. कारण हिशेब त्यांचा चुकलेलाच नव्हता. बापू पाच फूट दोनच होते. मी लहान असताना फोटोवाला आला की पेटी आणायला बापू मलाच पिटाळायचे. पाच दोन अधिक पेटी, असा माझा हिशेब. पण तुझ्या लग्नात त्या ताडमाड जावयाशेजारी पेटीवर चढताना बापूंनी माझा हात धरून वचन घेतलं होतं, की जावयाला हे कधी कळता कामा नये. मग मी भांडू कशाने? ताटावरून उठलो तो खरं तर तोंड आवरेना म्हणून.

त्या दिवशी ती पेटी बापूंनी तुझ्या सामानात ठेवली. त्यानंतर त्यांनी फोटोच काढून घेतला नाही. तू सासरी गेल्यावर आता कुणापुढे उंच दिसायचं, म्हणाले.

मेहुण्यांना यातलं काही बोलू नकोस.
तुझा,
दादा

ता. १२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रदर्शन छान झालं. दारातून आत पाऊल टाकलं की समोर बापू. खाली लिहिलं आहे, दहा इंची तोफ आणि यार्डातील दिवेवाला. मी हात जोडले, तर रखवालदार म्हणाला की बाई, इथे देव नाहीत. मी म्हटलं, आमचे आहेत.

दादाने वचन दिलं होतं, म्हणून तो यांना बोलत नाही. यांनी मला शब्द दिला होता, म्हणून हे दादाला बोलत नाहीत. आणि मला तू आणि दादा, दोघांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. फोटोपुढे दोघं कितीतरी वेळ उभे होते. शेवटी हे म्हणाले की मामंजी चांगले उंच होते, माझीच नजर फसली. दादा म्हणाला की हो, उंचच होते. मग दोघांनी एकदमच खिशातून रुमाल काढले आणि धूळ फार आहे म्हणाले. तिथली फरशी आरशासारखी होती, आत्या.

दादा आता इथेच आहे. बाहेरच्या खोलीत भिंग निघालं आहे आणि दुसऱ्या कुठल्याशा तोफेवरून आवाज चढले आहेत. चढू देत. चहा निवायच्या आत दोघं पितात, एवढं मला पुरे.

ती पेटी माझ्याकडेच आहे. वरच्या फळीवरचे डबे काढायला इतकी वर्षं तिच्यावर चढते. सामानात ठेवताना बापू म्हणाले होते, तुला लागेल, तू माझ्यावर गेली आहेस. मला वाटलं, काटकसरीत. काल मी तिच्यावर उभी असताना दादा आत आला, आणि मागोमाग हे. दोघांनी पेटीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे न पाहता एकदमच म्हणाले की पडशील, आणि दोघांनी एकेका हाताने मला धरलं.

गुडघ्यांना सांभाळ. मांजराला माझं सांग.
तुझी,
बाळी