न चिकटवलेलं पाकीट

सोनई, शनिवार, संध्याकाळ

आज लाज आणली मी. आम्हा वार्ताहरांच्या ग्रुपवर दुपारी आलं, की एसटीचे निवृत्त कंडक्टर भानुदासकाका गेले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही चार हळव्या ओळी लिहून पेपरला पाठवल्या, त्या लगेच त्यांच्या वेबसाइटवर झळकल्याही. मिनिटभराचं काम.

पूर्वी बातम्यांचं पाकीट नगरच्या गाडीला काकांच्या हाती द्यायचो. चिकटवायचं नाही, ही त्यांची अट. घोडेगाव येईपर्यंत ते सगळं वाचून काढायचे, आणि काही चुकलं असेल तर तिथूनच फोनवर मला झापायचे. एकदा मी बातमीत एका म्हाताऱ्याला जिवंतपणी मारलं, तेव्हा ओरडले होते, "आरं, सकाळी माज्याच गाडीत हुता त्यो!"

तसं उघडं पाकीट हातात धरून स्टँडवर थांबल्याला किती वर्षं झाली? काकांचा नंबर होता की माझ्याकडे. का नाही लावला?

आत्ता त्यांचाच फोन आला.

"गेला त्यो दुसरा भानुदास. मी हाय अजून."

मी माफी मागायला लागलो.

"लई ग्वाड लिवलंस माज्यावर," काका म्हणाले. "पर पाकीट आदी माज्याकडं द्यायचं न्हाई व्हय?"