तोंडदेखलं कौतुक

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. लाँड्री नीट चालली आहे. तुझ्या भाऊजींनी नवी इस्त्री आणली आणि पहिल्याच दिवशी मास्तरांची पँट जाळली. मास्तर तीच पँट घालून शाळेत गेले आणि विचारेल त्याला यांचं नाव सांगत सुटले.

शनिवारची जेवणं अजून होतात का, असं तू विचारलंस. सांगते. आधी मला सांग, तुला ते टेबल आठवतं का? दुकान बंद झालं की दोघे भाऊ इस्त्रीचं टेबल जिन्यावरून वर आणायचे आणि मदतीला धावलेला दुकानातला पोरगा, आपला लंबू, वळणावर हमखास मध्ये अडकायचा. आपल्या टेबलाला ते जोडलं की एक उंच, एक बुटकं. पण इस्त्रीचं टेबल अजून कोमट असायचं, म्हणून थंडीत त्या बाजूला बसायला भांडणं. टेलरबाई कात्रीसारखी जीभ चालवून जागा पटकावायची. आत आपण दोघी, कोपराला कोपर लागतोय, आणि तू माझ्या प्रत्येक पातेल्यात चमचा घालून नाक मुरडतेस. असा राग यायचा तुझा! बाहेर वाढलं की मास्तर म्हणणार, "वहिनी, मीठ डब्यातच राहिलं वाटतं." मी म्हणायची, "फुकट जेवता आणि वर नावं ठेवता?" आणि पातेली मात्र चाटूनपुसून साफ. अगं, किती हसायचो आपण.

उत्तर टाळतेय, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. जेवणं बंद आहेत. घराला रंग चाललाय असं मी सगळ्यांना सांगितलंय. एवढ्या दिवसांत रंगाऱ्याचा राजवाडा रंगवून झाला असता.

मधल्या तापाचं तुला कळवलं होतं. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. येईलही परत, नाहीही, असं डॉक्टर म्हणतात. मी कोणाला बोलले नाही. इतक्या वर्षांचा हात आहे, अंदाजाने करीन म्हटलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.

मास्तरांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा वहिनी, फार सुरेख झालंय."

मास्तर, आणि सुरेख? मग टेलरबाईही छान म्हणाली. लंबूने रस्सा दुसऱ्यांदा घेतला नाही. हे गुपचूप उठून पुन्हा पुन्हा पाण्याचा जग भरून आणत होते. सगळे गेल्यावर मी विचारलं, "खारट होतं का?" "थोडंसं," म्हणाले. यांचं थोडंसं तुला ठाऊक आहे. दुकानाला आग लागली तरी थोडासा धूर आहे म्हणतील.

माझं मन राखायलाच ते कौतुक करत होते, मला कळतं. पण माझ्याच घरात, माझ्याच माणसांनी मला परकं केल्यासारखं वाटलं. भांडी घासताना मी रडले. खारट झालं म्हणून नाही गं.

काल मास्तर रस्त्यात भेटले. "रंग वाळला का?" म्हणाले, इतक्या हळू आवाजात की मला त्यांचीच कीव आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "येत्या शनिवारी या सगळे." तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय.

तू ये. दोन दिवसांची रजा काढ, माझ्या दिरांना सांग थोरलीने बोलावलंय. शेगडीपाशी उभी राहा आणि कसं झालंय ते खरं सांग. तुझ्याइतकं फटकळ मला दुसरं कोणी नाही.

रजा नाही मिळाली तरी जेवण होणार. सगळं अळणी करीन, मिठाचं भांडं टेबलावर मधोमध ठेवीन, आणि का ते त्यांना सांगेन. सांगेन खरी, पण तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असली तर माझ्या तोंडून शब्द फुटेल असं वाटत नाही.

वाट बघतेय असं लिहिणार नव्हते. बघतेय.

तुझी,
थोरली