चढ, सहा वेळा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मेले! जानेवारीत दहा किलोमीटर पळायचं म्हणून नाव दिलं, सपाटीवर कुठे जमायला लागलं, तर अजिंक्यने आता चढ घुसडला. बत्तीस वर्षांचा पोरगा, आमच्या मस्कतच्या रनिंग ग्रुपचा कोच. मेसेज एका ओळीचा — "मंगळवारी मवालेह वस्तीमागची टेकडी, सहा वेळा. पळत वर, चालत खाली." बस्स! ग्रुप जातो पहाटे पाचला. मला तेव्हा दोन डबे आणि सव्वासहाची शाळेची बस. म्हणजे मी एकटी, दुपारी चारला.

टेकडी म्हणजे नुसता खडक. झाड औषधालाही नाही. माथ्यावर मोबाइलचा टॉवर. तिसऱ्या फेरीत पित्त तोंडाशी आलं. सहाव्यांदा जवळजवळ रांगलेच.

नवरा, गुरुदत्त, पायथ्याशी गाडीत एसी लावून शेंगदाणे खात बसला होता. "अगं, पन्नाशीच्या बाईने योगा करावा." सत्तेचाळीस! पन्नास नाही!

बुधवार, ५ नोव्हेंबर

मांड्या इतक्या धरल्या की जिना उलट्या पावली उतरले. सहावीच्या वर्गात बसून शिकवलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ग्रुपबरोबर समुद्राकाठी पळाले. सबीहा — रत्नागिरीची, इथे बरका गावात नवऱ्याचं दुकान, माझ्यासारखीच नवशिकी — म्हणते, "टेकडी ना? वीस मिनटांत खलास!" वीस?! मला सत्तर लागली! आणि हसून सांगते वर. घरी येऊन पोळपाटावर लाटणं आपटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अडुसष्ट मिनिटं. थू.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पडले. उतरताना खडी सरकली, गुडघा फुटला. गुरुदत्त धावत आला खरा, पण बोलला काय? "कोणी सांगितलंय तुला हे?"

कोणीच नाही! म्हणूनच करतेय! वीस वर्षं सांगितलेलंच करत आले. पुण्याची नोकरी सोड — सोडली. मस्कतला चल — आले. ओढणीने रक्त पुसलं आणि राहिलेल्या दोन फेऱ्या केल्या.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सगळ्यांसमोर विचारलं अजिंक्यने. "रेखाताई, टेकडीला किती वेळ लागतो?"

"बासष्ट मिनिटं."

कोणी बुटाची नाडी बांधतंय, कोणी पाणी पितंय. अजिंक्य हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही पाच किलोमीटरच करा. हट्ट नको."

सबीहाने माझा हात दाबला. कीव! कीव नकोय मला कोणाची! घरी पोचेपर्यंत रडले — रागाने. गुरुदत्तने योगाचं नाव काढलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अठ्ठावन्न. तरी वीसच्या आसपासही नाही. पाय माझे, फुप्फुसं माझी, मग चुकतंय कुठे?

'माझं नाव काढा' असा मेसेज लिहिला. पाठवला नाही. पुढच्या मंगळवारी शाळेला सुट्टी आहे. पहाटे सगळ्यांबरोबर जाईन. फजिती व्हायचीच तर तोंडावर होऊ दे. मग काढेन नाव.

मंगळवार, २ डिसेंबर

टेकडीच्या पहिल्याच वळणाशी सगळे मागे फिरले. मी पुढेच. खालून अजिंक्य ओरडला, "ताई, कुठे निघालात? वळणापर्यंतच असतं!" आणि सबीहा — "या अल्ला! दर वेळी टॉवरपर्यंत जात होतीस तू?"

थांबले नाही. टॉवरला हात लावून खाली पाहिलं. ग्रुपचे आठही जण माना वर करून उभे होते.