साडेचारशेचं भाडं

३ फेब्रुवारी

अनीसकडे जाऊन आले. कर्ज जुळवून देतो तो. टाय लावतो, पण बोलतो सरळ. एजवेल स्ट्रीटच्या घराच्या कर्जाचा ठरलेला व्याजदर एप्रिलअखेर संपतोय. आत्ता महिन्याला एकशे सत्तेचाळीस पौंड जातात — नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथंच. नव्या दरानं तीनशे त्र्याण्णव.

"मग काय झालं? भाडं साडेचारशे येतं की," मी म्हटलं.

"बँकेला तेवढ्यात भागत नाही, लॉरेन. भाडं व्याजाच्या जवळजवळ दीडपट लागतं. पाचशे सत्तरचा करार आणा, कर्ज मिळेल."

नाही आणला तर आत्ताची कर्जवाली कंपनी मनाला येईल तो दर लावणार. म्हणजे हप्ता पावणेसहाशे. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून मिळतं त्यातून मी किती दिवस भर घालणार? घर विकावं लागेल. माझा नवरा डेरेक गेल्यावर विम्याचे पैसे आले ते सगळे त्यात आहेत. म्हातारपणाला दुसरं काही नाही.

४ फेब्रुवारी

बहिणीला सांगितलं. चूक केली.

बेव्ह म्हणे, "नऊ वर्षांत एक पेनी वाढवली नाहीस. भाडेकरू ठेवलायस की जावई?"

क्लिफ टॅटरसॉल. बस चालवायचा, आता पेन्शनवर. पहिल्यापासून तोच राहतोय. एक तारखेला पैसे जमा, कधी आठवण करावी लागली नाही. त्या गल्लीत आज सहाशे मिळतात. त्याला झेपायचं नाही म्हणून वाढवलं नाही. म्हणजे महिन्याला दीडशे मीच त्याला देते म्हणायचं.

१२ फेब्रुवारी

क्लिफच्या घरचा बॉयलर दुरुस्त केला. दोनशे चाळीस. हप्ता धरून या महिन्याचं भाडं आलं आणि जवळजवळ गेलं.

२६ फेब्रुवारी

क्लिफला भाडेवाढीचं सांगायचं ठरवून गेले होते. त्यानं चहा केला, वर बिस्किटं. बॉयलरबद्दल तीनदा आभार मानले. न सांगता परत आले. मूर्ख बाई.

५ मार्च

बेव्हला अक्कल सुचली. करारात पाचशे सत्तर लिही, घे साडेचारशेच. बँकेला काय कळतंय. अनीसला फोनवर विचारलं.

तो म्हणाला, "तुम्ही हे बोललाच नाहीत आणि मी ऐकलंच नाही."

"म्हणजे नको?"

"म्हणजे तुरुंगात भेटायला मी येणार नाही."

बरं.

११ मार्च

घर रिकामं केलं तर काय होतं ते मांडलं. नवा माणूस मिळेपर्यंत एक-दोन महिने भाडं शून्य. हप्ता थांबत नाही. पालिकेचा कर माझ्या गळ्यात. रंगरंगोटी. साठवलेले आहेत नऊशे. निभेल — जेमतेम.

१९ मार्च

सांगून टाकलं. दारातच, कोट न काढता.

"क्लिफ, भाडं पाचशे सत्तर करावं लागतंय. तुम्हाला जमणार नाही, माहीत आहे मला. पण नाही केलं तर घर जातं."

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. हल्ली जिना त्याला जड जातो. "नवीन कुणी आलं तर किती देईल, पोरी?"

"सहाशे."

"लगेच मिळेल कुणी?"

"मिळेल. लोक रांगेत आहेत."

"असं होय," म्हणाला. "आधी का नाही बोललीस?"

घरी आले.

२३ मार्च

क्लिफचा फोन. एप्रिलअखेर जागा सोडतो म्हणाला. चिडला नाही, रडगाणं नाही. कुठं जाणार ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

बेव्ह म्हणे, "सुटलीस!"

२ एप्रिल

नर्सिंगवाली मुलगी आणि तिचा नवरा घर बघून गेले. सहाशेला तयार. एक मेपासून करार. अनीस खूश. बँकही हो म्हणाली. झोप नीट नाही.

२८ एप्रिल

क्लिफचं सामान हलवायला गेले. गाडी बेव्हच्या नवऱ्याची. पालिकेचं बैठं घर मिळालंय त्याला, टेकडीच्या पायथ्याशी, जिना नाही. किल्ली द्यायला पालिकेची बाई तिथं आली होती.

ती त्याला म्हणाली, "तिसरी खेप ही, टॅटरसॉल. आता तरी घेताय ना किल्ली?"

तो खोकायला लागला.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. म्हणाली, दोनदा घर देऊ केलं होतं, दोन्ही वेळा नको म्हणाले. घरमालकीण एकटी बाई आहे म्हणे, आपण गेलो तर तिचा हप्ता अडेल.

या बैठ्या घराचं भाडं विचारलं.

तीनशे नव्वद.