आत्याच्या टॅक्सीचं मागचं दार

३ मार्च, सोमवार

शेवटी गॅरेजच्या उस्तादांनी मला दुरुस्तीला गाडी दिली! अख्खी नाही — एक दार. तेही आत्याच्या टॅक्सीचं. मागची डावी काच हलत नाही आणि लॉक मनाला येईल तेव्हा लागतं. 'घरचंच गिऱ्हाईक आहे. बिघडवलंस तर घरीच शिव्या खाशील,' उस्ताद म्हणाले.

आधी पुढच्या बटणाने पाहिलं, मग मागच्या. काच ढिम्म. पॅनल काढून मोटरला थेट करंट दिला — गुर्रर्र करत खाली! म्हणजे मोटर ठीक. दोन्ही बटणं एकदम जात नाहीत, म्हणजे तीही ठीक. मग राहिल्या तारा. गाडीतून दारात तारा जातात त्या एका रबरी नळीतून, आणि दार उघडताना-मिटताना तिथेच वाकतात. नळी मागे सारली, तर आत दोन तारा तुटलेल्या. जोडल्या. काच खाली, वर, खाली. लॉक खट्, खट्, खट्.

शेजारच्या गाडीवरचा मेकॅनिक ओरडला, 'मॅडम, ती काच आहे, पाळणा नाही!' त्याला सगळे 'टेप' म्हणतात. काहीही तुटलं की तो टेप गुंडाळतो.

घरी सगळं सांगितलं. जेवताना एकदा, हात धुताना पुन्हा. आत्या तर ताट बाजूला सारून ऐकत होती — पॅनल कसं काढायचं, कुठली क्लिप कुठे. बाबा म्हणाले, 'म्हणजे आता फ्रीजचंही बघशील?' या घरात शिकलेली मी एकटी. त्यामुळे जे काही बंद पडतं ते माझ्या अब्रूवर.

४ मार्च, मंगळवार

सकाळी कामावर जायच्या आधी जोड पुन्हा तपासावासा वाटला. आत्याकडे किल्ली मागितली. पांघरुणातूनच म्हणाली, 'अगं, काच आहे ती, बाळंतीण नाही. झोपू दे तिला आणि मलाही.'

६ मार्च, गुरुवार

टॅक्सी परत आली.

या वेळी पुढची डावी काच. बटणाच्या मागचा प्लग निघालेला. बसवला, चालू झाली. काम चहा निवायच्या आत झालं, पण उस्तादांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांचा नियम इथे सगळ्यांना पाठ आहे. गाडी एकदा परत आली तर चूक. दोनदा आली तर सवय. आणि सवयीची जागा काउंटरवर, फोनजवळ.

काउंटरवर उस्तादांचा मेहुणा बसतो. त्यालाही म्हणे 'थोडे दिवस' बसवलं होतं. सात वर्षं झाली.

७ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पुढच्या दाराला मी हातच लावला नव्हता! मग चूक माझी कशी?

कदाचित हात लावायला हवा होता, हीच चूक.

११ मार्च, मंगळवार

दोनदा.

मागचं डावं दार आतून उघडेना, आणि उजवं आत्या रहदारीमुळे कायम बंद ठेवते. आत एक वकील. बाहेरून आत्याला उघडता आलं असतं, पण त्यांना कोर्टाची घाई. फाईल दातात धरून दोन सीटच्या मधून पुढे आले आणि आत्याच्या दारातून बाहेर पडले. आत्या हे उस्तादांसमोर हसत हसत सांगत होती. वर म्हणते, 'तपासून घ्या हो नीट. आमच्या पोरीलाच द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात माझी गाडी देणार नाही!'

आत्याची पाठ वळल्यावर उस्तादांनी नुसतं बोट दाखवलं. काउंटरकडे.

१२ मार्च, बुधवार

मेहुण्याने शिकवलं — फोन पहिल्या घंटीला उचलायचा नाही. गिऱ्हाईकाला वाटतं आपल्याला काम नाही.

आपल्याला खरंच काम नाही.

आत्याचं दार उस्तादांनी टेपला दिलं. हँडलपासून लॉकपर्यंत एक बारीक सळई जाते, ती सुटली होती. टोकाची क्लिप तुटलेली. त्याने टेप गुंडाळली. मी काउंटरच्या काचेआडून बघत होते. मला रडू आलं — थोडं माझ्यासाठी, जास्त त्या सळईसाठी.

१४ मार्च, शुक्रवार

फोन वाजत नव्हते, म्हणून विचार केला. तो प्लग हादऱ्याने निघत नाही. त्याला एक जीभ असते, ती दाबावी लागते. ती क्लिपही आपोआप तुटत नाही. कुणीतरी उचकटली. म्हणजे हा बिघाड नाही. हा हात आहे.

कुणाचा? आधी टेपवर संशय घेतला. दुपारभर त्याच्याकडे टक लावून पाहिलं. शेवटी तोच आला. 'काय झालं मॅडम, तोंडाला काळं लागलंय का?' मी सरळ विचारलं. म्हणाला, 'मी उघडलं असतं तर नुसतं ठेवलं असतं होय? टेप नसती का लावली!'

हे मात्र पटलं. त्याची माफी मागितली. त्याने माझ्या फोनच्या वायरला टेप लावून दिली.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी. आत्याला चहा द्यायला टॅक्सीपाशी गेले. आत्या मागच्या सीटवर, मांडीवर दाराचं अर्धं सुटलेलं पॅनल, हातात आईचं उलथनं.

'आत्या!'

'ये ये. बरं झालं आलीस. ही तिसरी क्लिप कशी काढायची गं?'

मी म्हटलं, 'हे काय चाललंय?' ती अगदी शांत. म्हणाली, 'त्या दिवशी गाडी नीट करून आलीस, तेव्हा तोंड काय उजळलं होतं तुझं! म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी उजळू दे. आणि गिऱ्हाईक परत परत आलं की दुकान चांगलं. उस्तादांनाही कळायला नको, तुला किती मागणी आहे ते?'

'आत्या, गॅरेजचं उलटं असतं! गाडी परत आली की काम वाईट.'

'असं कसं? मग डॉक्टरांचं?'

'डॉक्टरांचंही उलटंच!'

'काहीतरीच! मी दर महिन्याला जाते आपल्या डॉक्टरांकडे. चांगले आहेत म्हणूनच ना?'

मग मी काउंटरचं सांगितलं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्याने उलथनं माझ्या हातात दिलं. पॅनल तिनेच परत बसवलं, तेही नीट.

१६ मार्च, रविवार

उस्तादांना सांगितलं तर गॅरेज आत्याला हसेल आणि संध्याकाळपर्यंत टॅक्सी स्टँडही. नाही सांगितलं तर मी काउंटरवर म्हातारी होणार. मला कुणी विचारलेलं नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? आईला विचारलं. म्हणाली, 'शिकलेली तू आहेस. तुलाच माहीत. आणि माझं उलथनं कुठे गेलं?'

हे तर विचारलेलं होतं, तरी मी फ्रीज बघायला उठले.

१७ मार्च, सोमवार

आत्या आली! मी फोनवर होते. टॅक्सी आडवी लावली, उतरली आणि गॅरेजच्या मधोमध उभी राहून म्हणाली, 'अहो उस्ताद, पोरीला का कोंडलंय? पहिला बिघाड गाडीचा होता, तो तिने काढला. नंतरचे दोन माझे. मी घरी बसून केले.'

सगळ्यांच्या हातातले पाने थांबले. उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

'कशाने केले?'

'उलथन्याने.'

टेप जमिनीवर बसून हसला. मेहुणा काउंटरबाहेर आला, तो म्हणे सात वर्षांत पहिल्यांदा. उस्ताद हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. मला म्हणाले, 'जा. त्या दारातली टेप काढ आणि नवी क्लिप लाव. आणि ऐक — यापुढे तुझ्या हातची गाडी परत आली, तर मी कुणाच्या आत्याचं ऐकणार नाही.'

दार मी केलं! टेप शेजारून अजून 'उलथनं, उलथनं' करत होता, आत्या सगळ्यांना चहा सांगत होती. लॉक खट्. एकदाच तपासलं आणि सोडून दिलं. एवढा विश्वास मला स्वतःवर कधीच वाटला नव्हता.

१९ मार्च, बुधवार

टॅक्सी परत आली. तेच दार, आतून उघडत नाही. सगळं गॅरेज एका सुरात ओरडलं, 'आत्याऽऽ!' आत्या कळवळून सांगत होती, 'नाही हो, या वेळी खरंच नाही!' पॅनल काढलं. सळई लोंबत होती, टोकाला क्लिपच नाही. एप्रनच्या खिशात हात घातला. नवीकोरी क्लिप. सोमवारपासून तिथेच.

आत्याने पाहिलं. हळूच म्हणाली, 'मूठ मीट. मीच केलं म्हणते. माझी अब्रू तशीही गेलीच आहे.'

उस्ताद आले. 'कुणाचं काम हे?'

आम्ही दोघी एकदम म्हणालो, 'माझं!'